खुर्च्यांच्या मांडणीवर बसलेल्या महालक्ष्म्या

घडीची खुर्ची उघडली की शहाण्यासारखी उभी राहते, पण मिटली की तिच्यासारखी त्रासदायक वस्तू दुसरी नाही. भिंतीला टेकवा, घसरते. एकीवर एक रचा, खालचीची पट्टी पिचते. बैलगाडीत तशाच टाकल्या तर वाटेत एकीचा पाय दुसरीच्या पोटात शिरतो आणि मुक्कामाला पोचेपर्यंत असा गुंता होतो की सोडवताना निम्म्या मोडतात. आमचा सगळा धंदा या एका अडचणीवर उभा होता. लोकांना वाटायचं आम्ही खुर्च्या भाड्यानं देतो. खुर्च्या तर होत्याच, पण खरी वस्तू होती ती मांडणी.

शेजारचे मास्तर दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागं लागलेत. मी म्हटलं, मास्तर, मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, लेकींची पुस्तकं चाळून चाळून अक्षरं जुळवली. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. तर आता बोलते. मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

आमचं घर गोरेगावचं, सुताराचं. हिंगोलीची इंग्रजी फौजेची छावणी मोडली तेव्हा साहेब लोकांचं सामान लिलावात निघालं. लोकांनी त्यात कंदील घेतले, पेट्या घेतल्या. आमच्या मामंजींनी घेतल्या डझनभर घडीच्या खुर्च्या. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, "घरात बसायला पाट असता ह्या माणसाला काय अवदसा आठवली, देव जाणे." पण मामंजींचं डोकं चाललं होतं. आमच्या भागात लग्नाला, दौऱ्याला चार मोठी माणसं यायची, त्यांना जाजमावर कसं बसवायचं हा प्रश्न असायचा. खुर्ची गावात असली तर एखादी, पाटलाच्या घरी. मामंजी गाडी जुंपून खुर्च्या घेऊन जायचे आणि कार्य उरकलं की घेऊन यायचे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत निम्म्या खुर्च्या जायबंदी झाल्या. मग त्यांनी ही मांडणी केली.

कशी होती ते सांगते. दोन बाजूंना दोन उभ्या चौकटी, त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या, वर एक रुंद फळी. दांड्यांना खाचा. प्रत्येक खाचेत एक खुर्ची पाठीच्या दांडीवर लटकवायची, म्हणजे खुर्चीला खुर्ची लागत नाही. सगळ्या मांडणीत खिळा एकसुद्धा नाही, नुसत्या लाकडी पाचरी ठोकायच्या. पाचरी काढल्या की मांडणी मोकळी, बांधून गाडीच्या तळाशी निजवा. पाचरी ठोकल्या की उभी. गाडीत उभी करायची, कार्याच्या घरी उतरवून कोपऱ्यात उभी करायची, घरी आलो की पडवीत. मात्र पाचरीला पाचर ठरलेली होती. डावीची उजवीकडं ठोकली तर बसते, पण धरत नाही. मामंजी गेल्यावर हे माहीत असणारी माणसं दोन राहिली, आमचे मालक आणि मी.

गिऱ्हाइकं काय एकेक भेटायची. एका देशमुखांनी लेकाच्या लग्नाला सगळ्या खुर्च्या मागवल्या आणि एकही उघडू दिली नाही. मांडणी मांडवाच्या तोंडाशी उभी करायला लावली, तिच्यावर मिटलेल्या खुर्च्या, आणि सगळे पाव्हणे खाली जाजमावर. मी हळूच विचारलं, "देशमुखसाहेब, उघडू का?" ते म्हणाले, "काहून भांडण लावून राहिली बाई? उघडल्या की पहिल्या खुर्चीवर कोण बसायचं हे ठरवावं लागंल. मिटलेल्या हायत तवर सगळेच मोठे." मला त्यात चूक काढता आली नाही, आजही येत नाही.

आणखी एका लग्नात नवरदेवाचे मामा खुर्चीतून घाईनं उठले ते धोतराच्या सोग्यासकट. सोगा सांध्यात अडकला, खुर्ची मिटायला लागली आणि मामा तिच्यासोबत. करवल्या हसून हसून खाली बसल्या. आमचे मालक धावले, तर मामा ओरडतात, "आधी खुर्ची सोडव, मला राहू दे." त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

पण मला सांगायचंय ते पुसेगावचं.

निजामाचं राज्य होतं. मला दोन लेकी झालेल्या, तिसरीची चाहूल नव्हती. उन्हाळ्याच्या अखेरीला पुसेगावच्या पाटलाच्या घरी लग्न झालं, खुर्च्या आमच्याच होत्या. परतायच्या दिवशी पाऊस असा धरला की काळ्या रानात गाडीचं चाक अर्धं, पार तुंब्यापर्यंत रुतलं. शेवटी खुर्च्या गड्यांच्या डोक्यावर देऊन कशाबशा घरी आणल्या आणि मांडणी पाटलाच्या माजघरात ठेवली, पाचरींची पिशवी तिलाच बांधून. म्हटलं, वाट वाळली की नेऊ. पेरण्या आल्या, कुणाचं खुर्च्यांशी काम पडलं नाही आणि मांडणी राहिली ती राहिली.

भादव्यात कचेरीचा माणूस दारात आला. हिंगोलीला तालुकदार साहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचा दौरा होता, खुर्च्या पाहिजेत. मागं एकदा कचेरीला खुर्च्या नेल्या तेव्हा बैल बुजून गाडी उलटली होती आणि तीन मोडक्या निघाल्या होत्या. पेशकारानं, म्हणजे कचेरीच्या कारकुनानं, तेव्हाच दम दिला होता, "अगली बार टूटी हुई लाए तो सब जप्त." म्हणजे खुर्च्यांना नाही म्हणायची सोय नाही, आणि मोडक्या नेल्या तर घरात येणारा दाणा बंद. सुतारकी होती, पण गावात सुतारांची घरं वाढली होती. आमचं पोट खुर्च्यांवर होतं.

मालक म्हणाले, "तू म्होरं जा, मांडणी जोडून ठेव. मी खुर्च्या घेऊन मागून येतो. पुसेगावातच गाडीत मांडणी चढवू अन् तसंच हिंगोलीला जाऊ."

पुसेगावला जाणाऱ्या एका गाडीत बसून मी गेले. पाटलाच्या दारात पोचले तर तोरण, रांगोळी, दारापासून आतपर्यंत लक्ष्मीची पावलं काढलेली. महालक्ष्म्या बसलेल्या. आदल्या संध्याकाळीच आल्या होत्या, आज त्यांचं जेवण, उद्या जाणार. माजघरात पाय ठेवला आणि उंबऱ्यातच थांबले. थोरली आणि धाकटी, दोघी भरजरी लुगडी नेसून आमच्या मांडणीवर उभ्या. पुढच्या खाचांमधून फळं-भाज्या लटकवलेल्या, दांड्यांवर लाडू-करंज्यांची ताटं. खरं सांगते, इतकी सुंदर आरास मी पाहिली नव्हती. आणि इतकी भीतीही वाटली नव्हती, कारण महालक्ष्म्या एकदा बसल्या की त्यांना जागेवरून हलवत नाहीत, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही माहीत.

घरची मोठी सून अनसाबाई. मला पाहून तिचा चेहरा उतरला. कोपऱ्यात ओढून म्हणाली, "वैनी, म्या न विचारता मांडली. दरसालच्या देवी बसवायच्या अडण्या वाळवीनं खाल्ल्या. ऐन वक्ताला दुसरं काय करू?"

"काही न्हाई बाई," मी म्हटलं. "उद्या त्या गेल्या की मी नेते. परवा हिंगोलीला खुर्च्या पोचवायच्या हायत."

तिनं मागं पाहिलं. मागं तिची सासू ठकूबाई उभी होती. उंच बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या म्हणाल्या, "आता ती कशी जाईल सुतारीणबाई? ह्या पोरीचं लेकरू तापानं फणफणत होतं. डोळे उघडीना. काल महालक्ष्म्या ह्याच्यावर बसल्या अन् दिवा लागायला ताप उतरला. धाकटीनं मान हलवली, म्या ह्या डोळ्यांनी पाहिली. तिला हे आसन मानवलं. आता हाच आमचा कुळाचार झाला."

मी धाकटीकडं पाहिलं. खरंच मान हलत होती. कुणी शेजारून गेलं की ती जराशी पुढं झुकायची आणि परत मागं. मी सुताराची सून. माझी नजर तिच्या तोंडावरून खाली उतरली ती पाचरीवर. डावीची उजवीकडं ठोकलेली.

"पाटलीणबाई, पाचर ढिली हाय. धाकटी पडंल."

"पडायची न्हाई. ती हो म्हणून राहिली."

"व्हय, पण पाचर ढिली हाय म्हणून हलते ना."

ठकूबाईंनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "मग पाचर ढिली कुणी ठेवली?"

आता याला काय उत्तर द्यायचं? अनसाबाईनं ठेवली म्हणावं, तर तिच्या हातानं ती कुणी ठेववली, हा पुढचा प्रश्न आहेच. पण धाकटी पडली असती तर त्या घरात त्या लेकराच्या नावानं काय काय बोललं गेलं असतं, तेही मला दिसत होतं. शेवटी पदर खोचला, देवीला हात जोडले आणि मांडणीखाली शिरले. डावी-उजवी पाचर अदलाबदल करून तळहातानंच दाबली, मग वरवंट्यानं दोन हलके टोले दिले. बाहेर आले तेव्हा धाकटी खांबासारखी स्थिर.

मला वाटलं आता ठकूबाई रागावणार. त्यांनी हात जोडले. "शांत झाली माय. पोट भरलं तिचं."

नैवेद्य अजून दाखवायचाच होता.

तेवढ्यात आतून गडबड. अनसाबाईची धाकटी जाऊ विटाळशी म्हणून बाजूला बसली होती, त्यामुळं जेवायला एक सवाष्ण कमी. ठकूबाईंनी माझा हात धरला. "देवीखाली शिरून आलेली सवाष्ण दारात आली अन् मी दुसरी शोधू?" नाही म्हणता येईना. मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, पुरणपोळीवर तुपाची धार धरली. मी जेवत होते आणि एकेक घासाबरोबर माझा दावा पातळ होत होता. ज्या घरी देवीच्या नावानं जेवलो, त्याच घरातून देवीचं आसन ओढून न्यायचं कसं? आणि न न्यावं तर दोन लेकींना पुढं काय खायला घालायचं? जेवण झाल्यावर देवीपुढं उभी राहिले, पण काय मागावं तेच सुचेना. मांडणी मागावी, तर तिच्या पायाखालची वस्तू तिच्याकडंच मागायची. लेकराला सुखी ठेव म्हणावं, तर मांडणीवाचून ते सुखी राहील की नाही हे मला कुठं ठाऊक? नुसतीच उभी राहिले आणि परत फिरले.

दुसऱ्या दिवशी जोशीबुवा आले. मी सगळं त्यांच्यापुढं मांडलं. ते म्हणाले, "उत्तरपूजा झाली की देवी गेली. मग लाकूड ते लाकूड. ज्याचं त्यानं न्यावं."

मला हायसं वाटलं. ठकूबाई म्हणाल्या, "अन् पुढल्या साली तिनं उतरायचं कुठं? आलेल्या पाव्हण्याला ओळखीचा पाट नको व्हय?"

जोशीबुवांनी जरा विचार केला. "तेही खरंच," म्हणाले, सुपारी उचलली आणि निघाले.

संध्याकाळी महालक्ष्म्या गेल्या. मांडणी रिकामी झाली. मी तिच्यापुढं बसले, पण पाचरीला हात लावायचा धीर होईना. दिवस मावळता मालक गाडी घेऊन आले. गाडीत कडबा, गोधड्या आणि त्यात खुर्च्या. तेवढ्याशा वाटेतच एकीची पट्टी तडकली होती, ती त्यांनी ओसरीत बसून सुतळीनं आवळली. मी झालेलं सांगितलं. त्यांनी सुतळीची गाठ ओढून पाहिली. मग म्हणाले, "देवीशी भांडता येत न्हाई, पेशकाराशीबी येत न्हाई. हिंगोलीची वाट तर ह्याच्याहून खराब."

अनसाबाई दाराआडून ऐकत होती. सासूसमोर कधी आवाज न काढणारी बाई, ती बाहेर येऊन म्हणाली, "आत्याबाई, आसन आपुन ठिवून घेतलं. मंग खुर्च्या आपुनच धरायच्या. आमी गाडीत बसतो. दोन मांडीवर, एक कुशीत. एकीला दुसरी लागू द्यायची न्हाई."

ठकूबाई म्हणाल्या, "कचेरीत? बायका?"

"मांडणी तर जाऊन न्हाई राहिली," अनसाबाई म्हणाली.

ठकूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या घरच्या बाया कचेरीत जातील अन् मी घरी माळ ओढत बसू? मीबी येते."

पहाटं निघालो. गाडीत ठकूबाई, अनसाबाई, शेजारची एक थोराड बाई आणि मी, लेकरू ठकूबाईंच्या बहिणीपाशी ठेवलेलं. प्रत्येकीच्या मांडीवर दोन आणि छातीशी एक खुर्ची. मालक बैलांपुढं पायी. चाकोरी आली की सगळ्या जणी आपापल्या खुर्च्या उचलून धरायच्या, खड्डा गेला की टेकवायच्या. सुरुवातीला हसू आलं. शेजारीण म्हणाली, "माझ्या नवऱ्याला म्या एवढं जपलं न्हाई." नंतर कुणी हसेना. पाय सुन्न, कंबर ताठ. नर्सीच्या अलीकडं ठकूबाई एकदाच बोलल्या, "सुतारीणबाई, तुझी मांडणी हे सगळं उभ्यानं करती?"

"व्हय."

"गप उभी ऱ्हाती?"

"पाचर बराबर असली तर."

त्यांनी मांडीवरच्या खुर्च्या परत उचलून धरल्या.

कचेरीपुढं मांडव घातला होता. मालकांनी खुर्च्या एकेक काढून उघडल्या. नवीन ओरखडासुद्धा नाही. पण बायकांना गाडीतून उतरवलं तर एकीलाही उभं राहता येईना, पायांत मुंग्या. खाली चिखल. मालकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी एकेकीला धरून खुर्चीवर टेकवलं. पुढच्या रांगेत चार बायका, पदर डोळ्यांपर्यंत. जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसलेल्या. तेवढ्यात वेळेआधीच साहेबांची मोटार आली.

पेशकार धावत आला आणि आम्हाला पाहून जागीच थांबला. "ये कौन हैं?" तो शिपायाला विचारतो. शिपाई म्हणाला, "पता नहीं सरकार, कुर्सियों के साथ आई हैं." साहेब तिथपर्यंत पोचले. वयस्कर माणूस, हातात काठी. त्यांना वाटलं आम्ही अर्ज घेऊन आलोत. वाकून ठकूबाईंना विचारलं, "क्या तकलीफ है, माँजी?"

ठकूबाईंनी पदर सावरला. "काही न्हाई साहेब. पायांत मुंग्या आल्या. उतरल्या की उठतो."

साहेबांना किती कळलं देव जाणे. त्यांनी पेशकाराला हातानं खूण केली, यांना बसू द्या, आणि आत चहाला गेले. आमच्या मुंग्या उतरेपर्यंत मोठमोठी फेट्यावाली माणसं मांडवाच्या कडेला उभी होती. पेशकारानं नंतर प्रत्येक खुर्ची उलटी-पालटी करून पाहिली. सुतळीवाली त्याच्या हातात आली, तो जरा घुटमळला, पण तिच्यावर ठकूबाई बसून उठल्या होत्या, त्यामुळं मोडकी म्हणता येईना. ठेवून दिली. जप्तीचं नाव काढलं नाही.

दौरा झाल्यावर तसेच, खुर्च्या धरून परतलो. पुसेगावात ओसरीवर टेकल्या टेकल्या ठकूबाई पाय चोळत म्हणाल्या, "सुतारीणबाई, खोल तुझी मांडणी."

मी विचारलं, "काहून पाटलीणबाई?"

"खोल म्हणते ना. हे काम लाकडाचं हाय, बाईमाणसाच्या मांडीचं न्हाई. भादव्यात मात्र आणून द्यायची. तीन दिवस आमची."

"अन् देवी? तिला काय वाटंल?"

"तिला मी सांगते. तीबी बाईच हाय. अशीच उभी ऱ्हाती की तीन दिवस. तिला कळंल."

मी पाचरी काढून पिशवीत भरल्या. देवीची परवानगी मिळाली होती की ठकूबाईंच्या गुडघ्यांनी ती दिली होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "मिळाली ना? गाडीत टाक."

मांडणी घरी आली. पडवीत उभी केली, खुर्च्या लटकवल्या, धंदा परत चालू झाला. दरसाल भादव्यात ती पुसेगावला जायची आणि त्या तीन दिवसांत खुर्च्यांची मागणी आली तर खुर्च्या मोकळ्या नाहीत म्हणून सांगायला मी शिकले. अनसाबाईचं लेकरू मोठं झालं, शेतीत लागलं. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात मात्र निजामाचं राज्य जाताना मुलुखात अशी धामधूम झाली की वाटा बंद पडल्या आणि मांडणी दिवाळीपर्यंत पुसेगावातच राहिली. इकडं खुर्च्या पडवीत जमिनीवर पडून होत्या. दौऱ्याला येणारे साहेब आता कोणते असतील, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून मागणीही नव्हती.

मांडणी परत आल्यावर पहिलंच लग्न हिंगोलीचं लागलं. मुलाचे वडील पांढरा कोट घालून खुर्चीवर बसले आणि उठले तर पाठीवर पिवळी हळद. वरच्या खाचेतली खुर्ची होती ती, फळीवरची महालक्ष्म्यांची हळद झरून खाली आलेली. गृहस्थ भला होता, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, हे पुसून का घेत नाही?"

घरी आल्यावर मी ओलं फडकं घेतलं आणि मांडणीपुढं उभी राहिले. गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबर होतं. घाण असली तर पुसायलाच पाहिजे. पण ही घाण होती का? ठकूबाई जवळ असत्या तर विचारलं असतं, पण विचारायचं म्हणजे पुसेगावला जायचं. शेवटी खालच्या दांड्या पुसल्या, वरच्या फळीला हात लावला नाही, फडकं पिळून वाळत घातलं आणि वरच्या खाचेत खुर्ची लटकवायची तेवढी बंद केली.